घरातून समुद्र दिसला नाही तरी चालेल

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा डिसेंबरात जोडून सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईच्या घरांतून कोकणचे बेत ठरायला लागतात. कोणी मोबाईलवर खोल्यांचे फोटो चाळतं, कोणी ऑफिसातल्या मित्राकडून नंबर मिळवतं, आणि फोन लागला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘रूम सी-फेसिंग आहे ना?’ मग एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का, बीच चालत किती मिनिटांवर आहे. दापोलीपासून मालवणपर्यंत खोल्या देणाऱ्या कोणालाही विचारा, प्रश्नांचा साधारण हाच क्रम ऐकायला मिळेल. मला वाटतं, यातला पहिलाच प्रश्न चुकतो आहे. तो पाहुण्याच्या दोन दिवसांपुरता चुकला असता तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण हजारो पाहुणे वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत राहिले की गाव ती गोष्ट बांधायला लागतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं हेच चाललं आहे.

माझा आग्रह असा आहे: किनाऱ्यावर राहायला जागा निवडायची तर जिथून समुद्र दिसत नाही असं घर आधी बघावं. रस्त्याकडे तोंड, मागे वाडी, वाडीच्या पलीकडे पुळण, आणि घरमालक स्वतः बायकामुलांसह तिथेच राहणारा. खिडकीतून लाटा दिसणारी खोली ही यादीतली शेवटची अपेक्षा असावी, आणि ती पुरी झाली नाही तर काही गमावलं असं वाटू नये. असं का म्हणतो ते नीट मांडायचं तर आधी कोकणातलं गाव समुद्राशी कसं वागत आलं ते बघायला हवं.

गुहागरला जा. गावातून दक्षिणोत्तर एक लांबच लांब रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत. पश्चिमेच्या ओळीतल्या घरांना समुद्र अगदी जवळ, तरी या घरांची तोंडं रस्त्याकडे आहेत. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणीघर, विहीर. विहिरीपासून पुढे वाडी सुरू होते: नारळ, पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, मधूनमधून जायफळ आणि केळी. वाडी संपली की कुंपण, मग केवड्याची बेटं किंवा सुरूचं बन, आणि त्याच्या पलीकडे पाच-सहा किलोमीटरची पुळण. दापोलीजवळच्या मुरूडला, जिथे महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं, तिथेही असंच आहे. दिवेआगरला, श्रीवर्धनला तपशील बदलतात पण मांडणी तीच. पिढ्यानपिढ्या समुद्राकाठी राहिलेल्या लोकांनी समुद्र दिसावा म्हणून घरं बांधली नाहीत. त्यांनी समुद्र आणि घर यांच्यामध्ये झाडांची दाट पट्टी उभी केली आणि तिच्या आडोशाला संसार मांडला.

हे हौसेने झालेलं नाही. खारा वारा लोखंड खातो, भिंतींचा गिलावा खातो, कपाटातल्या कपड्यांना ओल आणतो. आषाढातला नैऋत्येचा वारा कौलं उडवतो. उन्हाळ्यात पुळणीतली वाळू उडून आत येते. या सगळ्याला वाडी अडवते. शिवाय वाडीतली जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि म्हणून समुद्रापासून दोन-तीनशे पावलांवरच्या विहिरीला गोडं पाणी लागतं. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि मागे वाडीची सावली असली की एप्रिलातही दुपारी पडवीत गारवा असतो. उलट पुळणीला लागून बांधलेली स्लॅबची खोली सकाळी दहापासून तापते आणि मग एसी लावून, खिडक्या बंद करून, पडदे ओढून बसावं लागतं. ज्या समुद्रासाठी जास्तीचे पैसे मोजले तो पडद्याआड जातो.

एकदा चैत्रात अशाच एका घरी मुक्कामाला होतो. दुपारी चार वाजून गेल्यावर काकूंनी विहिरीवरचा पंप लावला आणि शिपणं सुरू झालं. पाटातून पाणी एका पोफळीच्या आळ्यात जायचं, आळं भरलं की काकू फावड्याने चिखलाचा बांध फोडून पुढचा रस्ता मोकळा करायच्या आणि मागचा त्याच चिखलाने बुजवायच्या. पाणी वाया जात नव्हतं आणि काकू घाईतही नव्हत्या. झाडांखालून वाळलेली झाप ओढून बाजूला करताना त्यांचं बोलणं चालू होतं. मी विचारलं, ‘‘काकू, घरातून समुद्र कुठूनच दिसत नाही का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘घरातून कशाला दिसायला हवा? जा की खाली वाडीतून, बेडं उघडंच आहे. येताना तेवढं लावून या, गुरं शिरतात.’’ मी बेडं उघडून केवड्यामधून खाली उतरलो. संध्याकाळची ओहोटी होती आणि एवढ्या मोठ्या पुळणीवर दोन माणसं पाग घेऊन उभी होती. तिथे एकही बांधकाम नव्हतं म्हणून तो समुद्र तसा दिसत होता. जी खोली समुद्र दाखवते ती पुळणीवरून बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंत उभी करते, हे आपण लक्षात घेत नाही.

कायद्यानेही उशिरा का होईना हीच मांडणी मान्य केली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली, तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या कमाल रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई झाली. स्थानिकांच्या जुन्या घरांची दुरुस्ती आणि काही मोजके अपवाद सोडले तर हा पट्टा मोकळा राहावा असा हेतू होता. २०११ मध्ये आणि नंतर १८ जानेवारी २०१९ रोजी नवी अधिसूचना आली. २०१९ च्या बदलात, २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली गेली. मला तो बदल घातक वाटतो. विरळ वस्तीच्या गावांसाठी २०० मीटरच कायम राहिले. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा फारशी होत नाही: स्थानिक लोकांना राहत्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवता येतील. म्हणजे किनाऱ्यावर पाहुण्यांची सोय कशी व्हावी याचं एक चांगलं चित्र खुद्द नियमांतच आहे. आहे त्या घरात, आहे त्या आकारात.

तेव्हा ‘बीच टच’ अशी जाहिरात दिसली की थांबून विचार करावा. इमारत जुनी, १९९१ च्या आधीची असेल, किंवा शहरी हद्दीत असेल, तर वेगळी गोष्ट. पण गावाच्या पुळणीला लागून नवीकोरी दुमजली इमारत उभी असेल, तर तिला परवानगी कशी मिळाली हा प्रश्न पाहुण्यालाही पडला पाहिजे. मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर एका फरार हिरे व्यापाऱ्याचा प्रचंड बंगला सुरुंग लावून पाडावा लागला, कारण तो किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधला होता. ती बातमी व्यापाऱ्याच्या नावामुळे गाजली. नाव नसलेली किती बांधकामं तशीच उभी आहेत हे किनाऱ्यावरून चालत गेलं की आपलं आपल्याला दिसतं.

इथे गावकऱ्यांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाली केळशी, आंजर्लं, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, जुन्या जातीच्या माडाला त्याहूनही जास्त. म्हणजे आजोबांनी लावलेलं, वडिलांनी शिंपलेलं आणि ज्याच्यावर मुलाचं शिक्षण चाललेलं ते उत्पन्न एका दुपारी गेलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. ज्याची वाडी पडली त्याच्या हातात उरली फक्त जागा, समुद्राला लागून असलेली आणि गिऱ्हाईक असलेली. अशा माणसाला ‘खोल्या बांधू नको, पुन्हा पोफळी लाव आणि सात वर्षं थांब’ असं सांगण्याचा अधिकार पुण्यात बसून मला नाही. मात्र त्याने काय बांधावं हे पुष्कळ अंशी माझ्या मागणीवर ठरतं, आणि मागणी काय करायची हे माझ्या हातात आहे. समुद्र दिसणाऱ्या खोलीला दुप्पट दर मिळतो आणि वाडीतल्या खोलीला गिऱ्हाईक नाही असं त्याला दिसलं, तर तो उरलेले माडही तोडेल. वाडी असलेलं घर लोक मुद्दाम निवडतात असं दिसलं, तर पोफळीचं रोप लावण्याला त्याच्याकडे एक कारण राहील, सुपारी हाती येण्याच्या आधीच.

पाण्याचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे ऐकून देशावरच्या माणसाला वाटतं की तिथे पाण्याला काय तोटा. प्रत्यक्षात जांभ्याची जमीन सच्छिद्र, उतार तीव्र, आणि सह्याद्रीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पाणी पडतं आणि वाहून जातं. एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यावस्त्यांना टँकर लागतो. पाहुण्यांची गर्दीही नेमकी तेव्हाच असते.

आता पोहण्याच्या तलावाचा हिशेब करून बघू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा साधाच तलाव धरला तर त्यात ७५ हजार लिटर गोडं पाणी मावतं. जलजीवन मिशनचा निकष आहे ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला दिवसाचे २७५ लिटर. म्हणजे एका तलावाच्या पाण्यात अशा एका घराचे नऊ महिने निघतात. उन्हाने उडून जाणारं आणि गाळणी धुवायला लागणारं पाणी वेगळंच. आणि हे सगळं अरबी समुद्रापासून दोन मिनिटांवर, कारण समुद्राच्या पाण्याने अंग चिकट होतं. पाहुण्यांनी तलाव मागणं बंद केलं तर तो बांधण्यात कोणालाच रस उरणार नाही, कारण त्याची देखभाल मालकालाही डोईजडच असते.

खारं पाणी जमिनीखालीही आहे. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर जेवढं गोडं पाणी साठलेलं असेल त्याच्या साधारण चाळीसपट ते खाली खोलवर खाऱ्या पाण्याला दाबून धरतं. हा शास्त्रातला जुना, पक्का नियम आहे. याची उलटी बाजू अशी की उपसा वाढून पातळी हातभर खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर यायला बघतं. एकदा ते विहिरीत आलं की पुढचे कित्येक पावसाळे ते मागे ढकलायला लागतात. मालवणजवळचं देवबाग बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्र ती पट्टी आधीच कुरतडतो आहे आणि गाव दगडांच्या बंधाऱ्यांनी स्वतःला वाचवू बघतं आहे. अशा जागी प्रत्येक खोलीत शॉवर, रोज बदललेल्या चादरी आणि बाथटब मागताना त्या पाण्याचा उगम कुठे आहे याचा विचार व्हायला हवा. सांडपाण्याचंही तसंच. वाळूच्या जमिनीत शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल, तर त्यातली घाण फार अंतर गाळली न जाताच विहिरीत पोचते. चार खोल्यांच्या घराला जे पचतं ते वीस खोल्यांना पचत नाही.

पाहुण्यांची सोय करूनही किनारा जसाच्या तसा राहू शकतो याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणविसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि पुढे गावकऱ्यांच्या साथीने कासव महोत्सव उभा राहिला. फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं बाहेर येऊ लागतात, ती सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडली जातात आणि बघायला माणसं लांबून येतात. ही माणसं राहतात गावातल्या घरांमध्ये. माजघरात किंवा ओटीवर गाद्या, सामाईक न्हाणीघर, पंगतीला घरचं जेवण. अंड्यातून निघालेलं कासवाचं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. मोकळ्या किनाऱ्यावर रात्रीचा सगळ्यांत उजळ भाग समुद्राकडचा असतो म्हणून ते पाण्यात पोचतं. किनाऱ्यावर दिव्यांची माळ लागली की ते उलट फिरतं आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातं. पाहुण्यांसाठी तिथे पुळणीवर दिवे लावून रिसॉर्टं उभी राहिली असती, तर ज्या कासवांसाठी माणसं आली तीच तिथून गेली असती. म्हणून वेळासला गावात, घरात राहणं ही गैरसोय मानू नये. तिथल्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

घरमालक घरात राहतो की नाही, हा माझ्या मते दुसरा मोठा निकष. कोकणात बंद घरं खूप आहेत. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, अर्धी माणसं मुंबईत, कुलूप गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. मधल्या काळात वाळवी लागते, पावसात कौलं सरकतात, आणि एक दिवस दलालाचा फोन येतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. प्रत्येक टप्प्यावर गावापर्यंतचा प्रवास सोपा झाला आणि जमिनीचे भाव चढले. अशा वेळी एखादं जोडपं गावात टिकून राहतं, वाडी शिंपतं, घर शाकारतं, त्याच्या मागे बऱ्याचदा दोन-तीन खोल्यांचं भाडं असतं. पाहुण्यांनी दिलेले पैसे वाण्याकडे, मासळीवालीकडे, रिक्षावाल्याकडे, नारळ काढणाऱ्याकडे जातात. मालक शहरात आणि राखणदार तेवढा गावात असलेल्या बंगल्याचं भाडं मात्र त्याच रात्री शहरातल्या खात्यात परत जातं.

घरात मालक असण्याचा दुसरा उपयोग जिवाशी संबंधित आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर बऱ्याच किनाऱ्यांवर धोक्याचे फलक लागले, काही ठिकाणी जीवरक्षक आले, आणि तरी दरवर्षी कुठून ना कुठून तशी बातमी येतेच. फलक नेहमीसाठी असतो, आज किती वाजता आत जाऊ नये हे तो सांगत नाही. किनाऱ्यावरचा माणूस ते तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते: अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी, अमावस्या-पुनवेला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि तीही उधाणाची. शिवाय खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी कसं ओढतं, पुळणीत कुठे खड्डा पडला आहे, हे रोज तिथे जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. पाहुणे समुद्रावर निघाले की ‘आत्ता नको, पाचनंतर जा’ असं हटकणारं माणूस घरात असणं ही मोठी सोय आहे. कोणत्याही पोर्टलवरच्या तारांकनात ती दिसत नाही.

याच्यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. वयस्कर आई-वडिलांना जमिनीवर झोपणं जमत नाही, कमोड लागतो, गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत. बरोबर आहे, आणि आता पुष्कळ घरांनी पडवीला लागून अशी सोय करून घेतली आहे. ती आधी विचारून, खात्री करून घ्यावी. कोणाला एकांत हवा असतो, नव्याने लग्न झालेल्यांना काका-काकूंच्या नजरेखाली अवघडल्यासारखं होतं. हेही खरं. त्यांच्यासाठी वाडीत वेगळं खोपटं किंवा वेगळ्या दाराची खोली देणारी घरं आहेत. त्यासाठी पुळणीवरच जायला हवं असं नाही.

खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. काही घरांत फोनवर आधी आडनाव विचारलं जातं. नाव सांगितल्यावर ‘खोली नाही’ असं उत्तर मिळाल्याचं अनेकांनी अनुभवलं आहे. एकट्या बाईला किंवा मुस्लिम कुटुंबाला टाळलं जातं. घरगुती मुक्कामाची बाजू घेणाऱ्याने हे झाकून चालणार नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, जात, लिंग यांवरून हॉटेलात, दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात कोणालाही अडवायला मनाई केली आहे, आणि पैसे घेऊन खोली देणारं घर त्याच रांगेत येऊन बसतं. घरात मांसाहार चालत नाही असं सांगण्याचा हक्क मालकाला आहे, तो पाळावा. माणूस चालत नाही असं म्हणण्याचा हक्क त्याला नाही. ज्या घरी आडनावाची चौकशी होते तिथे आपलं आडनाव ‘चालणारं’ असलं तरी जाऊ नये, आणि का जात नाही ते फोन ठेवण्याआधी सांगावं. या कामी मोठ्या हॉटेलाचा काउंटर जास्त न्याय्य ठरतो हे मला मान्य करावंच लागतं. माझ्या सगळ्या मांडणीत ही एकच जागा अशी आहे जिथे घराने हॉटेलाकडून शिकायला हवं.

स्थानिक मालक असला म्हणजे सगळं आलबेल असतं असंही नाही. गावातल्याच माणसाने वाडी तोडून वीस खोल्यांची स्लॅबची इमारत उभी करून ‘घरगुती’ अशी पाटी लावलेली मी पाहिली आहे. म्हणून पाटीपेक्षा खोल्यांची संख्या आणि मागची झाडं महत्त्वाची. रिसॉर्टांमुळे रोजगार मिळतो, हा मुद्दा मी नाकारत नाही. मिळतो. परंतु स्वतःच्या घरात स्वतः दर ठरवणारी बाई आणि दुसऱ्याच्या इमारतीत महिन्याच्या पगारावर चादरी बदलणारी तीच बाई, या दोन स्थितींत फरक आहे, आणि मला पहिली हवी.

मग निवड करायची कशी? फोटोंवर फार विसंबू नये. रुंद भिंगाने दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. फोन करावा आणि घाई न करता बोलावं. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं की टँकर येतो, खोल्या किती, घरी कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, समुद्राकडे जायची वाट कुठून आहे, रात्री पुळणीवर दिवे असतात का. या प्रश्नांनी मालक सहसा खुलतो, कारण त्याला हे कोणी विचारत नाही. उत्तरांवरून घर पुष्कळसं कळतं. राज्याच्या पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारी योजनेखाली घरांची नोंदणी होते आणि गोव्यात तर १९८२ च्या कायद्याने पाहुणे ठेवणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. तिचीही चौकशी निःसंकोच करावी.

मासळीबद्दल हट्ट धरू नये. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत ताटात आलेला पापलेट बर्फातला असणार. घरात जेवायचं तर त्या दिवशी जे आलं ते खावं: बांगडा, मांदेली, सौंदाळे, खाडीतल्या तिसऱ्या, नाहीतर सरळ काळ्या वाटाण्याची आमटी.

दराचं शेवटचं. चार खोल्यांचं घर शनिवार-रविवारी भरतं आणि सोमवारपासून रिकामं पडतं. उरलेले पाच दिवस भरायचे म्हणून मालक आणखी चार खोल्या बांधायला निघतो. ज्याला रजा घेता येते त्याने मंगळवारी जावं आणि तरीही ठरलेला दर पुरा द्यावा, घासाघीस करू नये. मे महिन्यातच जायचं असेल आणि फोनवर ‘टँकर येतो’ असं उत्तर आलं, तर तो बेत नारळी पुनवेनंतर ढकलावा. तेव्हा विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, बोटी पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात आणि घरात गणपतीची तयारी सुरू झालेली नसेल तर खोलीही सहज मिळते.